चढाची चाल

मिस्त्रीला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने शेवटी माझ्याकडून दिलजमाईची वाट पाहू नये.

मी तेव्हा कल्याणला रस्त्यांच्या कामाच्या आवारात फिटर होतो. वय अठ्ठावीस. ठाण्यापासून शहाडपलीकडच्या वाटांपर्यंत जिथे पूल, मोऱ्या, खडीची कामं चालत तिथली मोडकीतोडकी अवजारं आमच्या आवारात येत. रहाट, पंप, गाड्यांचे आस, जे येईल ते आम्ही उभं करून परत पाठवायचं. आमच्यावर हा मिस्त्री होता. पंचेचाळिशीचा, घाटावरचा, आवाज भरदार. हाताने वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण त्याला कानस फार लवकर सुचायची. दुखणं कुठे आहे हे बघायच्या आत तो घासायला बसे. आणि काम बिघडलं की चूक त्याची कधीच नसे.

माझा मोठा भाऊ, दादा, माझ्याआधी पाच वर्षं त्याच आवारात होता. मला या कामाला त्यानेच लावलं. शहाडच्या अलीकडे एका नाल्यावर पूल बांधत होते, तिथे दगड वर चढवायला एक दातेरी रहाट होता आणि त्यावर दादा असे. त्या रहाटाला दोन चाली होत्या. हलका दगड असला की एकच चक्र, जड असला की दोन. मधली दांडी सरकवली की चाल बदलायची, आणि दांडी आपोआप परत सरकू नये म्हणून तिच्यावर वरून एक खटका पडायचा. त्या खटक्याचं नाक झिजून गुळगुळीत झालं होतं. दादाने मिस्त्रीला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला, "खटका नाही झिजला, तुझे हात झिजलेत."

पुढच्या आठवड्यात खांबाचा एक मोठा दगड अर्ध्यावर असताना दांडी सरकली. दगड सुटला आणि रहाटाचा हाताने फिरवायचा दांडा उलटा गरगर फिरून दादाच्या उजव्या हातावर बसला. हाड दोन ठिकाणी मोडलं. हाड जुळलं, पण तीन बोटं कायमची ताठ राहिली. मिस्त्रीने तेव्हाच्या साहेबाला सांगितलं की दादाने खटका पाडलाच नव्हता. साहेबाने दादाला कामावरून काढताना जो कागद दिला त्यात ‘निष्काळजी’ असा शब्द होता. तो कागद बघून दादाला पुन्हा कुणी कारखान्याच्या दारात उभं केलं नाही. मानपाड्याजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून तो डाव्या हाताने काथ्या वळायचा.

मी त्याच आवारात राहिलो. घरातलं दुसरं कुणी कमावतं नव्हतं. चार वर्षं मी मिस्त्रीच्या हाताखाली काम केलं, त्याने मागितलेला पाना त्याच्या हातात दिला, त्याच्या विनोदांना हसलो. 

चौथ्या वर्षाच्या अखेरीला नवे साहेब आले, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. पुण्याला इंजिनिअरीचं शिक्षण घेतलेले, आपलेच मराठी, पागोटं आणि लांब कोट. ते घोड्यावर बसत नसत. त्यांनी विलायतेहून एक तीनचाकी मागवली होती, पायाने चालवायची. दोन बाजूंना दोन मोठी चाकं, पुढे वळवायला एक लहान, मधे बैठक. अशी गाडी आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. मुरमाच्या रस्त्याने ते तिच्यावरून शिळपर्यंत कामं बघायला जात. वाटेत डोंबिवलीकडची माणसं शेतातलं काम टाकून बांधावर येऊन उभी राहत.

मला त्या गाडीचं वेड लागलं ते तिच्या आसावर बसवलेल्या पितळी डब्यामुळे. त्या डब्यातही दोन चाली होत्या. एक सपाटीची. पाय मारला की गाडी लांब धावायची. दुसरी चढाची, म्हणजे पाय जास्त मारायचे पण जोर कमी लागायचा. उजव्या हाताशी एक मूठ होती, ती ओढली की लांब सळई डब्याकडे सरके आणि चाल बदले. उतरताना चढाचीच चाल लावायची आणि पायांनी उलटा जोर देऊन गाडी आवरायची, असं रावसाहेबांनी एकदा आम्हाला दाखवलं होतं. डाव्या हाताशी चाक दाबणारा पट्टा होता, पण तो सपाटीवर थांबण्यापुरता. मोठ्या उतारावर त्याच्या भरवशावर राहता येत नसे.

एके दिवशी रावसाहेबांना शहाडला नदीपलीकडे जायचं होतं. ते पुढे बैलगाडीने गेले होते, आणि मी व मिस्त्री तीनचाकी घेऊन तरीवर, होड्या लागतात त्या उतारावर, गेलो. होडीवाल्याने फळी लावली. मी म्हणालो, "मिस्त्री, दोघं धरू या." त्यावर तो म्हणाला, "तू सर, मी नेतो." फळी ओली होती. अर्ध्यावर त्याचा पाय घसरला आणि गाडी उजव्या अंगावर दगडांत पडली. मूठ आणि डबा दोन्ही त्याच बाजूला. आम्ही ती उभी केली. मूठ वाकली होती. मिस्त्रीने ती गुडघ्यावर घेऊन सरळ केली, चिखल धोतराच्या सोग्याने पुसला, मग माझ्याकडे वळला.

"काही झालेलं नाही. कळलं?"

"हो, मिस्त्री."

"तोंड उघडलंस तर भावाशेजारी काथ्या वळायला बसशील."

मी पुन्हा हो म्हटलं. पण त्याने भावाचं नाव काढलं नसतं, तर पुढचं सगळं कदाचित घडलं नसतं.

दोन दिवसांनी रावसाहेब शिळहून परत आले ते घामाघूम होऊन, गाडी ढकलत. चढाची चाल सुटत होती. मूठ ओढली की चाल लागायची, दहा-वीस पावलं गाडी नीट चढायची, आणि जोर पडला की डब्यात ‘टक्’ असा आवाज होऊन पाय मोकळे फिरायचे. मिस्त्री म्हणाला, "सळई ढिली झालीय, साहेब. आत्ता करून देतो." त्याने सळई दोन आटे आवळली. दुसऱ्या दिवशी चाल पुन्हा सुटली. मग त्याने मुठीची स्प्रिंग काढून दुप्पट जाड बसवली. आता चाल बदलायला दोन्ही हात लागायला लागले, आणि सुटायची ती सुटतच होती. तिसऱ्या खेपेला त्याने डबा उघडला आणि कानस काढली.

माझं काम मी तिकडच्या कोपऱ्यात करत होतो, पण कान तिथेच होते. कानशीचा आवाज ऐकून मला कळलं की तो चांगले दाते घासतोय.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी गाडीजवळ गेलो. आसाखाली ठोकळे लावून चाकं अधांतरी केली. मला शिकवलं होतं दादाने. तो म्हणायचा, "आधी बाहेरचं बघ, मग आतलं. आणि हत्यार सगळ्यात शेवटी हातात घे." मी मूठ चढाच्या चालीवर ओढली आणि सळई कुठवर सरकते तिथे खडूने रेघ मारली. मग सळई डब्यापासून सोडवली आणि डब्याचा बाहेरचा कान, जिथे सळई अडकते तो, नुसत्या हाताने ढकलून पाहिला. सळई जोडलेली असताना तो जिथे थांबायचा, तिथेच आताही थांबला. म्हणजे सळई निर्दोष होती, मूठही निर्दोष होती. अडत होतं ते आत.

डब्याचं झाकण चारच मळसूत्री खिळ्यांवर होतं. ते काढलं आणि दाते कापडाने पुसून उजेडाकडे धरले. मिस्त्रीने कडा घासून गोल केल्या होत्या, पण घासलेल्याच्या मागे जुनी खूण अजून दिसत होती. दाताला दात जिथे लागतो तिथे लोखंड चकचकीत होतं, आणि ती चकाकी दाताच्या टोकाशी जेमतेम तीन आणे, म्हणजे पाचव्या हिश्श्याएवढ्या भागावर होती. बाकीचा दात काळा. म्हणजे दात एकमेकांत पुरते शिरतच नव्हते, टोकावर टोक धरून उभे होते. हलका जोर ते सोसायचे. भारी जोर आला की घसरायचे.

दात आत ढकलायचं काम ज्या तुकड्याचं, तो मी बोटांनी चाचपला. दोन बोटांचं लोखंडी बेळकं होतं ते. त्याचं एक बोट बाहेर वाकलेलं होतं, नखाच्या जाडीएवढं. डोळ्याला दिसणार नाही, पण अंगठ्याला कळत होतं. झिजून असं होत नाही. हा मार होता, शहाडच्या दगडांचा.

अर्ध्या दिवसाचं काम होतं. तांबडं होईपर्यंत तापवायचं, ऐरणीवर सरळ करायचं, दात्यांच्या गोल कडा पुन्हा चौकोनी करायच्या, सळई आणि स्प्रिंग होती तशी करायची. मी झाकण लावलं, चारी खिळे आवळले, ठोकळे काढले, खडूची रेघ पुसली आणि जेवायला गेलो.

रविवारी घरी गेल्यावर दादाला सांगितलं. तो काथ्या वळत होता. त्याचा हात थांबला.

"शेवटी कानसच घेतली का त्याने?"

"घेतली."

"किती दाते घासले?"

"बारांतले सहा."

दादा खूप दिवसांनी हसला. "बोलू नकोस. बाराही घासू दे."

वहिनी भाकरी थापत होती, ती म्हणाली, "त्या साहेबाचा काय दोष? बिचारा गाडी ढकलत फिरतोय." दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. चार वर्षं आमच्या घरात मिस्त्रीचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि त्या दिवशी जेवताना आम्ही दोघं भाऊ त्याच्याशिवाय दुसरं काहीच बोललो नाही. भाकरी गोड लागली, हे मी विसरलो नाही.

मग मी गप्प राहिलो. रोज मिस्त्री डबा उघडायचा, रोज मी माझ्या कामावरून मान वर न करता ऐकायचो. रावसाहेब सपाटीची चाल लावून जायचे आणि चढ आला की उतरून ढकलायचे. पहिल्या आठवड्यात ते मिस्त्रीला "बघा जरा" म्हणत होते. दुसऱ्या आठवड्यात "अजून नाही झालं?" म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात मिस्त्री समोर दिसला की ते नुसते पाहायचे आणि पुढे जायचे. मिस्त्रीचा भरदार आवाज बारीक होत गेला. त्याचं जेवण कमी झालं. तो आमच्यावर खेकसायचा आणि मग एकटाच गाडीपाशी उभा राहायचा, दाराशी जनावर आजारी पडलेल्या माणसासारखा. एकदा त्याने मला विचारलंसुद्धा, "तुला काय वाटतं रे?"

"मला काय कळणार, मिस्त्री," मी म्हटलं. चार वर्षांत इतकं गोड वाक्य मी बोललो नव्हतो.

विसाव्या दिवशी मिस्त्रीने जाहीर केलं की गाडी झाली. त्याने बाराही दाते घासले होते आणि सळई इतकी आवळली होती की ठोकळ्यावर चाल घट्ट बसल्यासारखी वाटायची. रावसाहेब म्हणाले, "मग उद्या रस्त्यावर दाखवा." मानपाडा सोडून शिळकडे गेलं की एक लांब चढ लागायचा. त्याच्या पायथ्याला नाल्यावर मोरी बांधायचं काम चालू होतं, दोन्ही बाजूंना फोडलेल्या दगडांचे ढीग. आम्हाला त्या कामावर जायचंच होतं. गाडी बैलगाडीत घालून आम्ही चढाच्या माथ्यावर उतरवली. मी, मिस्त्री, आवारातला म्हातारा लोहार, रावसाहेब आणि मोरीवरची दहा-बारा माणसं. ठरलं असं की मिस्त्रीने वरून चढाच्या चालीवर गाडी आवरत खाली यायचं, आणि मग तीच चाल लावून वर चढायचं.

मला ठाऊक होतं काय होणार. उतारावर पायाने उलटा जोर दिला की दाते सुटणार, आणि खाली दगड. मिस्त्रीचं हाड मोडावं असं मला वाटत होतं का? वाटत होतं. कुठलं, तेही मी मनात ठरवून ठेवलं होतं.

मिस्त्री बैठकीवर बसला. त्याने मूठ ओढली. चाल लागली. कपाळावर घाम होता, पण तो हसत होता. तेवढ्यात रावसाहेब पुढे आले.

"उतरा, मिस्त्री. माझी गाडी आहे, मीच बघतो."

मिस्त्री उतरला. रावसाहेबांनी कोट काढून लोहाराच्या हातात दिला आणि बसले. त्यांनी पायांवर जोर घेतला. चाक अर्धी वीत पुढे सरकलं.

मी धावलो आणि मागून बैठकीखालची लोखंडी कांब धरली. "रावसाहेब, नका! सुटेल! खाली चाल सुटेल!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्री ओरडला, "जळतो हा माझ्यावर, साहेब! भावापासून जळतो!"

रावसाहेब उतरले नाहीत. त्यांनी मान वळवून विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

"दाखवतो."

ते उतरले. मी चाकापुढे दगड लावला, गाडीच्या आसाला मागून दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक रस्त्याकडेच्या बाभळीला, मधे पाच-सहा हात ढील सोडून. बैठकीवर माणसाच्या वजनाचे दगड रचून दोरीने आवळले. पायाचे दांडे फिरू नयेत म्हणून ते चौकटीला बांधले, म्हणजे सगळा भार चालीवर यावा. चाल घट्ट लावली आणि सगळ्यांना दाखवली. मग चाकापुढचा दगड काढला.

गाडी क्षणभर तशीच उभी राहिली. मिस्त्री म्हणाला, "बघा! बघा!" आणि डब्यात ‘टक्’ झालं. गाडी उताराला लागली, दोर ताणला जाऊन फाडकन वाजला आणि बाभळीची साल निघाली. दोर नसता तर ती थेट दगडांत गेली असती. मोरीवरचा एक माणूस "आई गं" म्हणाला.  रावसाहेबांनी लोहाराकडून कोट घेतला आणि अंगात चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात सगळ्यांना कामं थांबवायला सांगून रावसाहेबांनी मला गाडी उघडायला लावली. मी घाई केली नाही. मिस्त्री समोर उभा होता आणि प्रत्येक खिळा मी त्याच्या डोळ्यांदेखत काढून पाटीवर ओळीने ठेवला. आधी सळई सोडून दाखवली, मग कान, मग दाते. "हे दाते विलायतेहून चौकोनी आले होते," मी म्हटलं, "गोल इथे झालेत." शेवटी बेळकं काढून गुळगुळीत फरशीवर ठेवलं. एक बोट टेकलं, दुसरं टेकेना. रावसाहेबांनी खिशातला कागद त्या फटीतून सरकवला. दोनदा घडी घातली तरी तो आरपार गेला.

"हे कशाने वाकतं?"

"माराने. गाडी उजव्या अंगावर दगडांत पडली की."

"माझी गाडी कधी पडली नाही."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. मला तो क्षण लांबवायचा होता, मी लांबवला. "मिस्त्रींना विचारा," मी म्हटलं. "शहाडच्या तरीवर काय झालं ते."

मिस्त्रीचे ओठ हलले. मग त्याने कबूल केलं, खाली बघून, पुटपुटत. रावसाहेब म्हणाले, "मोठ्याने." त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

मी तिथे थांबायला हवं होतं असं पुढे काही जण म्हणाले. मी थांबलो नाही. त्याच आवारात तो जुना रहाट उभा होता. मी रावसाहेबांना त्याच्यापाशी नेलं. "हीच चाल इथे सुटली होती, रावसाहेब. सगळा रहाट जुना आहे, खटका तेवढा नवा. माझा भाऊ हात मोडून तालुक्याच्या दवाखान्यात गेला तोवर जुनाच होता. मग खटका कुणी बदलला?"

 मग म्हातारा लोहार भात्याजवळून उठला. चार वर्षं तोही माझ्यासारखाच गप्प होता.

"मी घडवला," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी. मिस्त्री म्हणाले लवकर कर, साहेब यायच्या आत. जुन्याचं नाक नखासारखं पातळ झालं होतं. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं." दादा तेव्हा बत्तीस वर्षांचा होता, पण लोहाराला तो पोरच. बोलून झाल्यावर तो परत भात्याशी बसला आणि त्याने पंच्याने तोंड पुसलं.

दुपारपर्यंत मी बेळकं तापवून सरळ केलं, निववलं, फरशीवर पुन्हा पुन्हा टेकवून पाहिलं. दात्यांच्या कडांना जेवढं चौकोनी अंग उरलं होतं तेवढं साधलं. जाड स्प्रिंग काढून जुनी बसवली, सळई मूळच्या आट्यांवर आणली, डबा घासलेटने धुऊन त्यात एरंडेल घातलं. संध्याकाळी रावसाहेब त्याच चढावर गेले, खाली आले, वर गेले. चाल सुटली नाही.

परत आल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर दादासाठी लिहिलेला नवा कागद होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अपघात अवजाराच्या दोषाने झाला आणि दादाने तो दोष वेळोवेळी कळवला होता. मिस्त्रीचं मिस्त्रीपण गेलं होतं, त्याला ठाण्याच्या आवारात साधा फिटर म्हणून जायचं होतं. मी कागद घेतला आणि नमस्कार केला.

"थांब," ते म्हणाले. "तुला हे केव्हापासून ठाऊक होतं?"

"बावीस दिवस."

"आणि मी रोज त्या गाडीवर बसत होतो."

"होय."

"काल मिस्त्रीच बसला असता, तर तू कांब धरली असतीस?"

मी उत्तर दिलं नाही. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगायची गरजही नव्हती.  मग ते म्हणाले, "काम उत्तम केलंस. यापुढे माझ्या गाडीला हात लावायचा नाही." त्यांनी तो शब्द पाळला. पुढे डब्याला तेल घालायलासुद्धा ते ठाण्याहून माणूस बोलवत. मिस्त्रीच्या जागेवर मला घेतलं नाही, बाहेरचा आणला. मला ते लागलं, पण सौदा महाग पडला असं कधी वाटलं नाही.

दादाने कागद मला चारदा वाचायला लावला. त्याला अक्षरओळख नव्हती. मग त्याने विचारलं, "मिस्त्री नक्की काय म्हणाला? शब्द सांग." मी सांगितले. "खाली बघून म्हणाला?" हो. "मग मोठ्याने?" हो.  मग तो उठला, पेटीतलं धुवट धोतर काढलं, वहिनीकडून पागोटं बांधून घेतलं आणि म्हणाला, "चल."

आम्ही चालत कल्याणला गेलो. मिस्त्रीचं बिऱ्हाड खाडीकडे उतरणाऱ्या आळीत होतं. टळटळीत दुपार होती आणि ओट्यांवर बायका धान्य निवडत बसल्या होत्या. दारात सामान बांधलेलं दिसत होतं. मिस्त्री आत होता, त्याच्या वहाणा उंबऱ्याशी होत्या. दादाने हाक मारली. कुणी आलं नाही. दादा मला म्हणाला, "वाच."

मी आळीच्या मध्यावर उभा राहून कागद वाचला, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. बायकांचे हात सुपांत थांबले. शेजारचा एक म्हातारा पुढे येऊन ऐकायला लागला आणि म्हणाला, "परत एकदा, नीट ऐकू आलं नाही." मी परत वाचला.

दुसऱ्यांदा वाचत असताना मिस्त्रीची बायको दारात आली. हातात पाण्याचा तांब्या होता. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं म्हणून ती आली होती, आणि मग ऐकता ऐकता तशीच उभी राहिली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने दादाच्या ताठ बोटांकडे पाहिलं, मग मागे वळून आतल्या अंधाराकडे.

"पाणी नको, वहिनी," दादा म्हणाला. "तुमच्याशी आमचं काही नाही."

 मी कागदाची घडी घातली. तिने तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर दादा माझ्यापुढे झपझप चालत होता. मला त्या बाईचं तोंड आठवत होतं, आजही आठवतं. पण कुणी विचारलं की पुन्हा वेळ आली तर वाचशील का, तर मी सांगतो, वाचीन. तिसऱ्यांदाही वाचीन.